सर्व्हरमधला धवला

कार्डाचा खोका आला तेव्हा मी सुकापूरच्या आमच्या स्टुडिओत एका नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसत बसले होते. स्क्रीनवर, अर्थात. कुरिअरवाल्याने सही मागितली. मी पुटकुळी तशीच ठेवून उठले आणि खोका हातात पडताक्षणी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आलं!" नवरा आत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता. काय आलं, हे त्याने विचारलं नाही. गेले पंधरा दिवस मी दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नव्हते.

मी स्वभावाने उतावळी आहे, हे आधीच सांगून टाकते. कुकरची वाफ उतरायच्या आत झाकणाशी झटापट करणारी. नवरा नेमका उलटा. त्याने घरातला बल्ब बदलायचा ठरवला तरी आधी मेन स्विच बंद करतो, मग स्टूल हलवून बघतो, मग चहा पितो. असा हा संसार आणि असाच हा धंदा.

आम्ही लग्नांचे व्हिडिओ करतो. पनवेल-उरणच्या गावांतल्या आगरी-कोळ्यांच्या हळदी आणि लग्नं. नवरा मुख्य कॅमेरा धरतो, दुसरा मी धरते, आणि एडिटिंग सगळं माझं. इतक्या वर्षांत जे जे शूट केलं ते आमच्या सर्व्हरमध्ये आहे. सर्व्हर म्हणजे टेबलाखाली ठेवलेला गुडघाभर उंचीचा काळा डबा, आत आठ हार्ड डिस्क आणि वरच्या बाजूला हवा खेळायला जाळी. माझी आई त्याला पेटी म्हणते. पेटीत सगळं राहतं हे खरं, पण पेटी म्हातारी झाली होती. एक फाइल उघडायला सांगितली की विचार करत बसायची. मी आणि नवरा एकाच वेळी फुटेज बघायला लागलो की दोघांचंही चित्र थिजायचं, आणि मग आम्ही एकमेकांवर खेकसायचो.

तरीही कार्डाची घाई धंद्यासाठी नव्हती. ती आईसाठी होती.

माझी आई धवलारीण आहे. आमच्याकडच्या जुन्या लग्नांत भटजी यायच्या आधी धवलारीण येते. हळद दळायची, चौक भरायचा, नवरीला पाटावर बसवायचं, प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो कुठे लिहिलेला नसतो. आईने तिच्या सासूच्या मागे बसून तोंडी उचलला आणि उभा जन्म आसपासच्या गावांत गायली. मग हळदीला डीजे आला, एलईडीचे पडदे आले, आणि गेल्या सहा वर्षांत तिला कुणी बोलावलं नाही.

आता माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. भाची कामोठ्याला ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवते. हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे. तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "डीजे वाजू दे, माझं काही म्हणणं नाही. पण हळद आजीच्या धवल्यानेच लागेल. आजी गाणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही." आई इतकी खूश झाली की त्याच संध्याकाळी गॅलरीत बसून सराव करायला लागली. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर बघायला आले म्हणे. आणि तिसऱ्या दिवशी ती स्टुडिओत माझ्याकडे आली, तोंड एवढंसं करून.

हळदीचा मोठा धवला म्हणजे हळदीचा प्रवास. ती शेतात उगवते, शिजते, वाळते, जात्यातून निघते, आणि नवरीच्या घरी जायला खाडीकाठी येऊन होडीत बसते. तिथपर्यंत आईला सगळं येत होतं. शेवटचं कडवंही येत होतं, ज्यात हळद नवरीच्या अंगाला लागते. मधलं पुसलं गेलं होतं.

"हलद होरीत बसली," आई म्हणाली, "न् तिथंच ऱ्हायली. तिला उतरवून कोन घेतंय ता मना आठवत नाय."

"मग उडी मार की शेवटच्या कडव्यावर," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "नातीच्या हलदीला मी अर्धामुर्धा गायची नाय. चार बाया टपून बसल्यात, म्हातारी इसरली बोलायला. आठवला तर गाईन. नाय तर तुमी तुमचा तो डीजे लावा, मी खोलीत बसून ऱ्हाईन." एवढं बोलून ती खरंच रडायला लागली. माझी आई रडणाऱ्यातली नाही.

दुसरी धवलारीण शोधावी तर पंचक्रोशीत उरलेली नव्हती. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या धंद्याच्या पहिल्या वर्षांत आईला जिथे जिथे बोलावणं असायचं तिथे बहुतेक ठिकाणी व्हिडिओचं काम आम्हालाच मिळायचं. म्हणजे तो धवला पेटीत होता! दहावीस वेळा असणार. तयार फिल्ममध्ये नाही, कारण तिथे मी हळदीच्या चित्रावर सिनेमाची गाणी चढवते. पण कच्च्या फुटेजमध्ये, कॅमेऱ्याने जसं टिपलं तसं, आईचा आवाज असणार.

"आये, रडू नको. तुझा धवला माझ्या पेटीत हाय," मी म्हणाले आणि त्याच क्षणी शोधायला बसले. उठले ती जेवणाची वेळ टळून गेल्यावर. एका लग्नाच्या दोन फाइली कशाबशा बघून झाल्या होत्या. कच्चं फुटेज म्हणजे तासन्‌तासांचं, वजनदार. पेटीला ते ओढवतच नव्हतं. या हिशेबाने हळद होडीतून उतरेपर्यंत भाचीचं बाळंतपण झालं असतं.

तेव्हापासून मी कार्डाच्या मागे लागले. एकाच कार्डावर दोन सोयी होत्या. एक जलद नेटवर्कचं तोंड, म्हणजे सर्व्हरमधून आमच्या कॉम्प्युटरवर फुटेज जुन्यापेक्षा दसपट वेगाने यावं अशी व्यवस्था. आणि त्याच कार्डाच्या अंगावर दोन छोट्या एसएसडी बसवायच्या जागा, म्हणजे लागणाऱ्या फाइली म्हाताऱ्या डिस्कमधून काढून या चपळ चिपांवर हाताशी ठेवता येतात. मी त्याचं वर्णन आईला केलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे पेटीला सून आणतेस." यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

कुरिअरने पंधरा दिवस झुलवलं आणि कार्ड आलं ते गुरुवारी दुपारी. हळद रविवारी.

"लग्न झाल्यावर बसवू," नवरा म्हणाला. "चालू पेटी उघडायची आणि काही बिघडलं तर?"

"लग्न झाल्यावर मला त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"कच्च्या फुटेजचा बॅकअप आहे?"

तो नव्हता. तयार फिल्म आम्ही दुसरीकडे जपून ठेवतो. कच्च्याचा दुसरा संच ठेवायचं दर दिवाळीला ठरतं आणि दर दिवाळीला राहतं. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मी पाटल्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि सर्व्हर बंद करायचा हुकूम दिला.

पेटी बंद झाली आणि खोलीत एकदम शांतता पसरली. तिचा पंखा इतकी वर्षं चालू होता की तो आवाज आहे हेच आम्ही विसरलो होतो. बाहेरून रिक्षावाल्यांचं भांडण स्वच्छ ऐकू यायला लागलं. मी वायर काढल्या, अंगातली वीज जावी म्हणून डब्याच्या लोखंडावर हात टेकला, स्क्रू सोडवले आणि झाकण ओढलं. मला नवी साडी उघडताना होतं तसं होत होतं.

आत बघितलं आणि नवऱ्याने कपाळाला हात लावला.

दरवर्षी खंडेनवमीला आम्ही स्टुडिओतल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. कॅमेरे, लाइट, ड्रोन, आणि पाटावर मानाने पेटी. ती पूजा मी करते आणि मनापासून करते. हळदकुंकू, झेंडू, आणि वरून मूठभर अक्षता. त्या मूठभर अक्षता जाळीतून कुठे जातात, याचा विचार मी कधी केला नव्हता. आता दिसलं. आत धुळीच्या गादीवर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पडल्या होत्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात कुंकवाने लाल झालेला तांदूळ.

"खिचडी होईल एवढा आहे," नवरा म्हणाला. मी त्याला ब्रश आणि हवेचा पंप आणायला पिटाळलं. लेन्सा साफ करायची त्याची जी निगुती आहे ती त्या दिवशी कामी आली. अर्धा तास तो एकेक दाणा टिपत होता आणि मी मागे उभी राहून "झालं? झालं?" करत होते.

मग माझी पाळी. कार्ड तळहाताएवढंच होतं. हिरवी पाटी, एका कडेला सोनेरी दातांची रांग. दोन एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढ्या. त्या तिरक्या घालायच्या, मग हलकेच आडव्या दाबायच्या आणि टोकाला तिळाएवढा स्क्रू लावायचा. ते मी इतक्या नाजूक हाताने केलं की नवराही काही बोलला नाही. मागच्या बाजूची पत्र्याची पट्टी काढून जागा मोकळी केली आणि कार्ड खाचेत घातलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, खट् असा आवाज येईपर्यंत दाबा. मी दाबलं. खट् झालं नाही. पुन्हा दाबलं. नवी खाच आहे, कधी वापरलेली नाही, घट्ट असणार, असं मीच मला समजावलं आणि अंगठ्यांनी आणखी जोर लावला.

"आवाज नाही आला," नवरा म्हणाला.

"बसलंय. स्क्रू दे."

वायर जोडली. बटण दाबलं. सगळे पंखे एकदम विमान उडाल्यासारखे घोंघावले, नारिंगी दिवा लागला, आणि पेटी आपोआप बंद झाली. पुन्हा आपोआप सुरू झाली, पुन्हा घोंघावली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा नवऱ्याने वाकून मागची वायर उपटली. आईचा धवला तर गेलाच, शेकडो लग्नांचं कच्चं फुटेज गेलं, असं वाटलं. नवरा चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खुर्चीत बसून राहिला.

तेवढ्यात भाची आली. क्लास आटोपून, पाठीला सॅक, चेहऱ्यावर सकाळीच केलेल्या फेशियलची चकाकी. तिने आमची तोंडं बघितली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि थेट पेटीसमोर मांडी घातली. होणाऱ्या नवरीला तीन दिवसांवर हळद असताना धुळीत बसू देऊ नये, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

"आत्या, हे कार्ड तिरकं बसलंय. पुढची बाजू आत आहे, मागची वर आहे."

मी स्क्रू काढून कार्ड बाहेर घेतलं. तिने टॉर्च खाचेत धरला. आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून बघत होतो. त्या चिंचोळ्या खाचेत, अगदी टोकाला, एक लाल तुकडा उभा होता. तांदळाचा अर्धा दाणा.

हे बघून मला हसू फुटलं आणि रडूही. सगळ्या डब्यात मोकळी जागा असताना तो नेमका त्या एका खाचेत जाऊन उभा राहिला होता आणि इतकी वर्षं कार्डाची वाट बघत होता.

"मला वाटलं तू पूजा करतेस," नवरा म्हणाला. "तू तर दरवर्षी पेटीचं लग्न लावत होतीस."

भाचीने सॅकमधून भुवया कोरायचा चिमटा काढला. जग काहीही म्हणो, नेटवर्कच्या कामाला त्याहून चांगलं हत्यार नाही. तिने श्वास रोखून दाणा धरला आणि उचलला. नवऱ्याने खाच फुंकून, बघून, पुन्हा फुंकून साफ केली. या वेळी मी कार्ड त्याच्या हातात दिलं. माझ्या अंगठ्यांवर माझाच विश्वास राहिला नव्हता. त्याने ते सरळ धरलं, एका लयीत दाबलं, आणि खट्.

काय सुंदर आवाज होता तो!

पेटी सुरू झाली. पंखे घोंघावले आणि शांत झाले. डिस्कचे दिवे एकेक करत आठही हिरवे झाले. आणि मग यादीत नवं कार्ड दिसलं, त्याच्याखाली दोन्ही एसएसडी, नावानिशी. माझा जीव भांड्यात पडला. मी भाचीला मिठी मारली, नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि स्टुडिओभर नाचले. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकू दारात येऊन बघून गेल्या. उरलेल्या नेटवर्कच्या वायर जोडल्या आणि मी एक जुनी कच्ची फाइल उघडली. पूर्वी या वेळात चहा होऊन गाळून व्हायचा. आता माउसवरचं बोट उचलायच्या आत चित्र हजर. पुढे ओढलं, मागे ओढलं, लग्नातली माणसं माझ्या बोटासरशी धावत होती. "एकाच वेळी तिघांनी लावा," मी ओरडले, आणि तिघांच्या तीन स्क्रीनवर तीन गावांच्या हळदी कुठेही न अडखळता सुरू झाल्या. अशी खुशी मला आमचा पहिला कॅमेरा घेतला तेव्हाही झाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं कानाला हेडफोन लावून बसलो. वर्षं वाटून घेतली. पहिला धवला अकरा वाजायच्या आत मला सापडला. आई मांडवात बसलेली, केस अजून बरेचसे काळे, आवाज खणखणीत. शेत झालं, जातं झालं, होडी झाली. मी दोघांना खुणेने बोलावलं आणि स्पीकर मोठा केला. हळद होडीत बसली. आईने पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला, आणि कॅमेऱ्याच्या मागून एक बाई जोरात बोलली, "आये, आटप गो! डीजेवाला खोलंबलाय!"

आईने कॅमेऱ्याकडे बघितलं, श्वास सोडला, आणि सरळ शेवटचं कडवं घेतलं.

ती बाई मी होते. नवरा आणि भाची खदखदून हसले, मीसुद्धा हसले. अर्ध्या तासात नवऱ्याला दुसरा सापडला. "आये, आटप." मग भाचीला तिसरा. त्यात मी बोलतही नाही, नुसतं आईच्या तोंडापुढे मनगटावरचं घड्याळ धरते. चौथ्यात मी म्हणते, "मधला सोड, शेवटचा घे." पाचव्यात, सहाव्यात तेच. पुढच्या काही लग्नांत तर मी बोलायच्या आधीच आई होडीपाशी थांबून माझ्याकडे बघते आणि मी मान हलवली की शेवटच्या कडव्यावर जाते. सातव्यानंतर कुणी हसलं नाही. भाचीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि उगाच बाटलीतलं पाणी प्यायली.

आई विसरली नव्हती. मी तिला ती कडवी गाऊच दिली नव्हती. वर्षानुवर्षं दर हळदीला मीच ती गाळायला लावली, आणि न गायलेली ती तिच्या जिभेवरून गेली. हे मला त्या खुर्चीत बसून कळलं आणि इतकी शरम वाटली की नवऱ्याकडे बघवेना. त्याने आपला चहा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "अजून मोरा राहिलंय."

उरणजवळच्या मोऱ्याचं लग्न म्हणजे आईला आलेलं शेवटचं बोलावणं. कोळ्यांचं मोठं घर, जेट्टीजवळचा मांडव. माझ्या कॅमेऱ्याच्या फाइली नवऱ्याने शनिवारी सकाळी उघडल्या. एक फाइल विचित्र लांब होती. कॅमेरा स्टँडवर उभा, कुणी धरलेला नाही. चौकटीत मांडवाचा अर्धाच भाग, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय, एक मूल बराच वेळ भिंगात डोकावतं आणि जातं. ताटांचा खणखणाट, वाऱ्याची घरघर. आणि या सगळ्याच्या मागे आईचा आवाज. शेत, जातं, होडी. कुणीही आटप म्हणालं नाही. आईने पुढचं कडवं घेतलं.

भाची धावत जाऊन आजीला घेऊन आली. आईला खुर्चीत बसवलं, मोठे हेडफोन तिने नाकारले, म्हणून स्पीकर लावला. ती गालाला हात लावून ऐकत होती. होडीतली हळद विचारत होती, मला उतरवून कोण घेईल? नवरीच्या आईचे हात चुलीत गुंतलेत, बाप मांडवाखाली उभा आहे, मामा अजून वाटेवर आहे. तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरून पदर पसरते ती मावळण. आमच्याकडची जुनी माणसं बापाच्या बहिणीला मावळण म्हणतात. स्क्रीनवर एक म्हातारी उठून पुढे आली, तिचे पाय आणि पसरलेला पदर तेवढा चौकटीत आला, आणि आईच्या हाताने त्यात हळद ठेवली.

म्हणजे त्या कडव्याला नवरीच्या आत्याचा मान होता. माझ्या घड्याळापायी किती घरांच्या आत्या तशाच बसून राहिल्या असतील! मांडवात जन्म गेला माझा आणि हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी तिथपर्यंत ऐकलंच नव्हतं.

पुढचं कडवं सुरू झालं आणि स्क्रीन काळी पडली. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. मी हळहळले, पण आईचे ओठ हलत होते. ती न थांबता पुटपुटत राहिली, डोळे मिटून, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत. बऱ्याच वेळाने थांबली आणि म्हणाली, "आला. पुढचा समदा आला." तिचा चेहरा इतका उजळला होता की भाचीने फोटो काढला.

मग आई माझ्याकडे वळली. "हा पुरा कसा ऱ्हायला गो? तवा तू कुठं व्हतीस?"

"जेवायला गेलते," मी म्हणाले.

"बरा झाला," आई म्हणाली.

रविवारी दुपारी भावाच्या मांडवात मी कॅमेरा स्टँडवर लावला, नवी बॅटरी घातली, चालू केला आणि त्याच्यापासून लांब, भाचीच्या पाटाजवळ जाऊन बसले. आई गायला बसली. टपून बसलेल्या चारही बाया हजर होत्या. शेत झालं, जातं झालं, हळद होडीत बसली. आई सवयीने थांबली आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागली. तिथे कुणी नव्हतं. मग तिने मला शोधलं. मी उठून पुढे गेले आणि पदर पसरला. कडवं गात गात तिने हळदीचा गोळा त्यात ठेवला. तो गार आणि जड होता. मी तो भाचीपाशी घेऊन चालले, आणि आईने त्यापुढचं कडवं धरलं, आणि त्याच्याही पुढचं.

डीजेवाला मागून येऊन माझ्या कानाशी वाकला. "ताई, अजून किती हाय?"

"मना नाय ठाऊक," मी म्हणाले. "मी पन पयल्यांदाच ऐकतंय."